आमचे हे गावाला गेलेले असताना

आमच्या गटाची बैठक एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी दुपारी भरायची. घाटकोपरला डोंगराच्या चढावर आमची वस्ती, आणि तिच्या वरच्या टोकाला गटप्रमुख वहिनींचं घर. त्या मालवणकडच्या, आम्ही संगमेश्वरकडचे. त्यांची खोली जरा ऐसपैस म्हणून बैठक त्यांच्याकडे. आम्ही बायका दोन ओळींत मांडी घालून बसायचो आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचे सर खुर्चीवर. आधी सगळ्यांनी हात पुढे धरून शपथ म्हणायची, की कर्ज वेळेवर फेडू आणि एकमेकींना सांभाळून घेऊ. मग हप्ते. एकीचा हप्ता कमी पडला तर बाकीच्यांनी भरायचा आणि तो भरेपर्यंत कोणी उठायचं नाही, अशी पद्धत. एकदा आम्ही दिवे लागेपर्यंत तशाच बसून राहिलो होतो. एकीची डाळ घरी गॅसवर करपली, तरी सरांनी तिला उठू दिलं नाही.

मी मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसायचे. शपथसुद्धा नुसते ओठ हलवून म्हणायचे. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो, लहानपणापासूनच. चौथीनंतर माझी शाळा घरच्या कामासाठी सोडवली तेव्हा आई रडली होती. मला मात्र बरं वाटलं होतं, आता वर्गात उभं राहून उत्तर द्यायला नको म्हणून.

कर्ज घेतलं ते मसाल्याच्या कांडप मशीनसाठी. कल्पना आमच्या यांची. यांचे वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर घर लालबागहून इकडे आलं. हे एका गोदामावर वॉचमन होते. चैत्र लागला की आमच्या वस्तीतली प्रत्येक बाई वर्षाचा मसाला करते. मिरच्या पत्र्यावर वाळत पडतात, धणे, दगडफूल, तिरफळ भाजल्याचा वास गल्लीभर असतो, आणि मग पिशव्या घेऊन सगळ्या लांब स्टेशनजवळच्या डंख्यावर, मसाला कुटायच्या गिरणीवर जाऊन उन्हात नंबर लावतात. हे म्हणाले, आपल्या दाराशी मशीन असलं तर या बायका कशाला चढ उतरतील. म्हणून मी गटात शिरले. कर्ज माझ्या नावावर, पण कंपनीने यांचंही आधार कार्ड घेतलं, दोघांचा एकत्र फोटो काढला. हातात पैसे आले ते ठरल्यापेक्षा कमी होते. वहिनींनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, खर्च आणि विमा कापून घेतात, सगळ्यांचेच कापतात. आम्ही माना डोलावल्या.

पहिला हंगाम झकास गेला. श्रावणात एका सकाळी ड्युटीवरून घरी येताना यांच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षात घालून नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

बारावं झालं आणि पुढच्याच मंगळवारी बैठक आली. आदल्या संध्याकाळी वहिनी आणि गटातल्या दोघी माझ्याकडे आल्या. डाळभात घेऊन आल्या होत्या. बसल्या, रडल्या, आणि मग वहिनींनी विषय काढला. त्यांचं म्हणणं असं, की हे गेल्याचं सरांना आत्ताच कळू द्यायचं नाही. घरात कमावता पुरुष राहिला नाही असं कंपनीला कळलं तर ती अख्ख्या गटाच्या नावावर लाल शेरा मारील, आणि सगळ्या जणी डोळे लावून बसल्या होत्या ते पुढचं मोठं कर्ज मिळायचं नाही.

"मग सर विचारतील तेव्हा सांगायचं काय?" एकीने विचारलं.

"गावाला गेलेत म्हणायचं. घराचं काम काढलंय." वहिनींनी माझा हात हातात घेतला. "तुझा हप्ता आम्ही बघतो गो. तू नुसती येऊन बस. तुका काय एक बोलूचा नाय."

काही बोलायचं नाही, एवढंच मला कळलं. ते मला जमण्यासारखं होतं.

अशी मी मंगळवारच्या दुपारी तासाभरासाठी सवाशीण व्हायचे. वहिनी त्यांच्या आरशावरची टिकली काढून माझ्या कपाळाला लावायच्या, डब्यातली काळी पोत गळ्यात घालायच्या आणि पदर नीट करून मला मागच्या ओळीत बसवायच्या. बैठक संपली की मी ते त्यांच्या ओट्यावर काढून ठेवायचे. टिकलीचा डिंक कपाळाला चिकटून राहायचा, घरी येऊन तो मी नखाने खरवडायचे. यात कोणाचं मन वाईट नव्हतं. माझा हप्ता त्या खरंच भरत होत्या, कुणी भाजीतले वाचवून, कुणी पोराच्या क्लासचे मागे ठेवून. आणि सरांनी विचारलं की गावच्या घराची बातमी सांगायच्या. चिरे आले. भिंती कमरेपर्यंत चढल्या. गवंडी पळाला. एकीला तर त्यात मजाच वाटायला लागली होती. तिने विहीरसुद्धा खणून घेतली. सर हसून म्हणाले, वास्तुशांतीला आम्हाला बोलवा. सगळ्या हसल्या. मी चटईची काडी मोडत बसले होते.

दिवाळीनंतर एक बैठक माझी चुकली. तापाने अंथरुणाला खिळले होते. सर सही घ्यायला म्हणून थेट माझ्या दारात आले. सर म्हणजे तिशीच्या आतबाहेरचा मुलगा, मराठवाड्यातला, पाठीवर सॅक, ऊन लागून काळा पडलेला. "ताई, आहात का?" म्हणत आत आला आणि थांबला. समोर भिंतीवर यांचा फोटो, त्याला हार.

तो उंबऱ्यावरच बसला आणि पाणी मागितलं.

"केव्हा?"

"श्रावणात."

त्याने डोक्याला हात लावला. त्याचं म्हणणं ऐकून मला आधी कळेचना. त्याने ठरावीक दिवसांनी प्रत्येकीच्या घरी जाऊन नवराबायको दोघांना भेटायचं असतं आणि तसं कंपनीला कळवायचं असतं. एवढी घरं त्याच्याच्याने होत नव्हती, म्हणून तो न जाताच कळवायचा.

"तुमच्या मिस्टरांना मी सप्टेंबरात भेटलोय, ताई. तब्येत ठीक, कामधंदा चालू, असं लिहिलंय मी." पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "मी आज इथे आलोच नाही असं समजा."

त्या दिवशी मला त्याची दयाच आली. पण तेव्हापासून त्याचं वागणं बदललं. दर बैठकीला तो मला शेवटी थांबवायचा आणि म्हणायचा, मशीन विकून टाका, कर्ज एकदम बंद करा, म्हणजे तुम्ही सुटला आणि मीही सुटलो. पौषात बायकाही थकल्या. कुणी कुणाला किती दिवस पुरं पडणार. मी दोन घरच्या पोळ्या करत होते, पण हंगामाला अवकाश होता आणि मशीन नुसतं उभं होतं. एका बैठकीत माझा हप्ता जमेना तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "यांच्या घरात एवढं मशीन पडलंय आणि तुम्ही सगळ्या यांच्यासाठी बसून राहता." उठताना एकीने नुसतं एवढंच म्हटलं, की काही जणींना बरं असतं, गप्प राहिलं की दुसरे भरतात. ते मला फार लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

सरांनीच भांडुपचं एक गिऱ्हाईक आणलं. त्याने मशीन पाहिलं, चालू करून ऐकलं, आणि होळी झाल्यावर टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मशीन गेलं की माझं मुंबईत काहीच उरत नव्हतं. दिराने निरोप पाठवला होता, गावी ये, दोन घास कमी पडणार नाहीत. दीर चांगला आहे. पण त्या घरात मी दुसऱ्याच्या चुलीपाशी मुकी बसून म्हातारी होणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

मुलुंडला एका सोसायटीत माझी मसाल्याची जुनी गिऱ्हाइकं आहेत. त्यांना निदान सांगून यावं म्हणून शेवटचा गरम मसाला घेऊन बसने गेले. तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात, बँकेतून रिटायर झालेल्या. त्यांना पाकीट दिलं आणि म्हटलं, पुढच्या वर्षी दुसरीकडून घ्या, मशीन विकतेय. त्यांनी कारण विचारलं. मी कर्ज म्हटलं आणि निघाले. पण त्यांनी दार अडवलं आणि मला आत बसवून चहा टाकला. काकूंना एक सवय आहे, विचारलं की उत्तर येईपर्यंत त्या गप्प बसतात. त्यामुळे मला सगळं सांगावंच लागलं. टिकलीचंसुद्धा सांगितलं. विहीर खणल्याचं ऐकून त्यांना हसू आलं, त्यांनी ते आवरलं, आणि मग मलाच हसू आलं. हे गेल्यापासून मी पहिल्यांदा हसत होते.

मग त्यांनी विचारलं, "कर्ज देताना विम्याचे पैसे कापले होते?"

"हो. सगळ्यांचेच कापले."

"नवऱ्याचं आधार घेतलं होतं?"

"घेतलं होतं. फोटोपण काढला दोघांचा."

काकूंनी कप खाली ठेवला. "अगं, मग तो विमा तुमच्या दोघांचा असणार. दोघांपैकी कोणी गेलं तर राहिलेलं कर्ज विमा फेडतो. ते त्याचसाठी असतं. तुमच्या यांच्या मागे तुझ्यावर कर्ज राहायलाच नको होतं."

मला ते नीट कळायला वेळ लागला. श्रावणापासून आम्ही जी गोष्ट पदराआड लपवली, तीच सांगितली असती तर हप्ता तिथेच थांबणार होता. सगळ्या बायकांनी पोटाला चिमटा काढून भरलं, गवंडी लावला, विहीर खणली, ते सगळं अशा कर्जासाठी जे फेडायचंच नव्हतं. मी म्हटलं, पण आम्ही खोटं सांगितलं ना, आता कोण देणार. काकू म्हणाल्या, खोटं सांगितलं ते वाईट झालं, पण त्याने मेलेला माणूस जिवंत होत नाही. तुझ्याकडे मृत्यूचा दाखला आहे. कंपनीने स्वतः घरी येऊन बघायचं होतं, ते तिने केलं नाही. आणि बैठकीत बायकांना कोंडून बसवायचं, चारचौघांत एकीची लाज काढायची, हे तर नियमात बसतच नाही. अशा कंपन्यांनासुद्धा वर विचारणारं कोणी आहे.

मला वाटलं, आता त्या स्वतःच फोन करतील. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"कर्ज तुझ्या नावावर आहे. ते तुझंच ऐकणार. मी इथेच बसलेय."

कर्जाच्या कार्डामागे तक्रारीचा नंबर होता. आधी गाणं वाजलं, मग हे दाबा, ते दाबा, मग आवाज आला की हे बोलणं रेकॉर्ड होत आहे. मी फोन ठेवून दिला. काकूंनी काही न म्हणता पुन्हा लावून दिला. या वेळी एका मुलीने उचलला आणि नमस्कार म्हणून मराठीत विचारलं, काय मदत करू. मी भिंतीकडे तोंड केलं. म्हटलं, आमचे हे श्रावणात वारले आणि मी अजून त्यांच्यामागे हप्ता भरतेय. ती एकेक विचारत गेली आणि मी एकेक सांगत गेले. कंपनीला कळवलं होतं का, असं तिने विचारलं तेव्हा मी सांगितलं, नाही, आम्ही लपवलं, आम्हाला भीती वाटली. पण दिवाळीनंतर तुमचे सर घरी येऊन फोटो बघून गेले आहेत. तिने मला तक्रारीचा क्रमांक दिला. काकूंनी तो कॅलेंडरवर लिहिला, आणि एका कागदावर लिहून माझ्याकडेही दिला.

बसमध्ये मला कळलं की मी किती मोठ्याने बोलले असेन. घसा दुखत होता.

पुढच्या मंगळवारी मी वहिनींकडे लवकर गेले आणि त्यांना खरं सांगितलं. त्या खूप चिडल्या. म्हणाल्या, आम्ही तुला झाकलं आणि तू आम्हालाच उघडं पाडलंस, आता सगळ्यांची वाट लागणार. त्यांनी टिकली पुढे केली तेव्हा मी मान मागे घेतली. त्यांनी ती पुन्हा आरशाला चिकटवली आणि माझ्याशी बोलायच्या थांबल्या.

बायका आल्या, सर आले, शपथ झाली. सरांच्या तोंडावरून कळत होतं की तक्रार त्यांच्यापर्यंत पोचली आहे. माझा हप्ता आला तेव्हा ते म्हणाले, भरल्याशिवाय कोणी उठणार नाही. आणि मी उठले. मुद्दाम ठरवून नाही. बसून बोलता येईना म्हणून उठले. एका हाताने खिडकीचा गज धरला.

"सर, आमचे हे वारलेत. गावाला कोणी गेलेलं नाही. विम्याचे पैसे तुम्ही आमच्या कर्जातून कापलेत. मी आता हप्ता भरणार नाही, आणि या बायकापण माझ्यासाठी बसणार नाहीत. ज्यांना घरी जायचंय त्यांना जाऊ द्या."

सर म्हणाले, ताई, हे बाहेर बोलू. मी म्हटलं, बाहेर नको, इथेच.

मग त्यांनी असं काही केलं की माझी भीतीच पळाली. ते बाकीच्यांकडे वळून म्हणाले, बघा, यांच्या खोटेपणामुळे तुमची सगळ्यांची कर्जं अडकतील. मी म्हटलं, "खोटं मी बोलले, तसं तुम्हीपण लिहिलंत. सप्टेंबरात आमच्या यांना भेटलो म्हणून लिहिलंत, मग भेटलात कोणाला, सर?"

सर हातातले कागद चाळू लागले. आणि मग पुढच्या ओळीतून, जिने विहीर खणली होती तिचा आवाज आला, "अगो बाई. म्हणजे आपण नुसतं घर बांधत होतो, सर तर जाऊन जेवून आले."

आधी एक हसली, मग दुसरी, मग सगळ्याच. वहिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. सरांनी सॅक उचलली. त्या दिवशी बैठक दहा मिनिटांत संपली आणि सगळ्या जणी उन्हं असताना घरी गेल्या.

भांडुपच्या गिऱ्हाइकाला मी निरोप धाडला की टेम्पो आणू नका.

काही दिवसांनी कंपनीची दोन माणसं माझ्याकडे आली, शाखेचे मोठे साहेब आणि तक्रार बघणारी एक मॅडम. साहेब गोड बोलत होते. राहिलेलं कर्ज आम्ही माफ करतो म्हणाले, पण श्रावणापासून जे भरलंत ते विसरा, आणि या कागदावर सही करा. काकूंनी मला बजावलं होतं, वाचल्याशिवाय सही नाही. मी चष्मा लावला आणि वाचायला बसले. मी बोट ठेवून वाचते, अक्षर जोडून, पुटपुटत. साहेब म्हणाले, मी वाचून दाखवतो. मी म्हटलं, नको. त्यांचा फोन दोनदा वाजला. मॅडम खिडकीतून बाहेर बघत बसल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कारण मध्ये ओळ चुकली होती. त्यात शेवटी असं होतं, की चूक माझी एकटीची आहे आणि माझी कोणाहीविरुद्ध तक्रार उरली नाही. आणि माफ हा शब्द होता, जणू ते मला भीक घालत होते.

"यात माफ लिहिलंय," मी म्हटलं. "माफ कशाचं? विम्याचे पैसे आम्ही आधीच दिलेत. आणि ज्या बायकांनी माझ्यासाठी भरलं त्यांचं काय?"

साहेब म्हणाले, मग काहीच मिळणार नाही बघा. मी कागद नीट घडी करून त्यांना परत दिला आणि चहा घेणार का विचारलं. त्यांनी घेतला नाही. त्या मॅडमने मात्र जाताना दारात चप्पल घालता घालता हळूच सांगितलं, महिन्याभरात उत्तर आलं नाही तर लोकपालाकडे जा.

महिना गेला. उत्तर आलं ते असं, की आपण वेळेत कळवलं नाही. मी पुन्हा मुलुंडला गेले. लोकपाल म्हणजे या सगळ्या बँका आणि कंपन्यांविरुद्ध आपल्यासारख्यांचं ऐकून घेणारा, वरच्या मोठ्या बँकेने नेमलेला माणूस. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. काकूंनी फोनवर तक्रार भरायला घेतली. त्या विचारायच्या, मी सांगायचे, त्या लिहायच्या. एका ठिकाणी त्यांनी लिहिलं, गटातील महिलांनी गैरसमजातून माहिती दिली नाही. मी म्हटलं, काकू, गैरसमज नको, भीती लिहा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खोडून भीती लिहिलं. सरांबद्दल काय लिहायचं हेही मीच सांगितलं. एवढ्या वस्त्या एकट्या माणसाला दिल्या होत्या, तो घरोघरी कसा जाणार, हे कंपनीला विचारा. त्याचीही भाकर आहे.

उत्तर यायला वेळ लागला. मध्ये मला कंपनीतून फोन आले, पण आता मला फोनची सवय झाली होती. मी म्हणायचे, तुमचंही बोलणं रेकॉर्ड होतंय ना, मग बोला.

चैत्रात एका दुपारी मी धणे निवडत बसले होते तेव्हा पोस्टमन आला. मी पाकीट फोडलं आणि बोट ठेवून वाचलं. मग वर रेंज मिळेना म्हणून खाली जाऊन रिक्षा स्टँडवरून काकूंना फोन लावला आणि त्यांना वाचून दाखवलं, पूर्ण, शेवटच्या सहीपर्यंत. कंपनीने ऐकलं होतं. हे गेले त्या दिवसापासून कर्ज बंद. त्यानंतर भरलेला प्रत्येक हप्ता परत. आणि दिलगीर आहोत असाही एक शब्द होता. काकू पलीकडून म्हणाल्या, तो शब्द पुन्हा वाच. मी पुन्हा वाचला. रिक्षावाले ऐकत होते, तरी वाचला.

पैसे खात्यात आले तसे मी काढले आणि ज्यांनी ज्यांनी भरले त्यांच्या घरी गेले. चढ चढून दमले, पण कोणाला माझ्याकडे बोलावलं नाही. काही जणी घेत नव्हत्या. म्हणाल्या, तेव्हा दिलं ते दिलं. मी म्हटलं, तेव्हा तुम्ही मला दिलं नव्हतं, कंपनीला दिलं होतं, आणि ते तिच्याकडून मी आणलंय. वहिनी मला दारात बघून आत गेल्या. मी ओट्यावर बसून राहिले. काकूंकडून शिकले होते, उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. शेवटी त्या दोन कप चहा घेऊन बाहेर आल्या.

"तू येवढा बोलतंस ह्यां आमका ठावकच नाय," त्या म्हणाल्या. "आधी बोललं असतंस तर आमची विहीर वाचली असती."

गटाची कर्जं काही अडकली नाहीत. सरांची बदली दुसऱ्या शाखेत झाली, नोकरी राहिली असं कळलं. नवीन सर आले ते घरोघरी जाऊन दोघांना प्रत्यक्ष बघतात, त्यामुळे गटातल्या सगळ्या नवऱ्यांना त्या दिवशी घरी थांबावं लागतं. वहिनींचे मिस्टर गंजीफ्रॉकवर बाहेर आले तेव्हा वहिनी म्हणाल्या, बघा सर, चालतायत, बोलतायत, हात लावून बघा. बैठकीत आता कोणाला कोंडत नाहीत. हप्ता कमी पडला तर तिचं नाव लिहून घेतात आणि बाकीच्या उठतात. आणि शपथ झाली की वहिनी प्रत्येकीला मोठ्याने विचारतात, घरी काही झालं असेल तर आत्ता सांगा गो. एकीने परवा नुसतं सासूला चक्कर आली तेसुद्धा सांगितलं.

माझं मशीन अक्षय्य तृतीयेच्या आधी चालू झालं. पहिल्या दिवशी सकाळीच दारात पिशव्यांची रांग लागली. मशीन सुरू झालं की त्या लोखंडी मुसळांच्या दणक्यात शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही. बेडगी कुठली, संकेश्वरी कुठली, हळकुंडं कोणाची, तिखट किती, नंबर कोणाचा, सगळं ओरडूनच विचारावं लागतं. पूर्वी ते काम यांचं होतं. मी मागे बसून नुसतं चाळायचे. आता चाळायला मी दुसरी बाई ठेवली आहे. दुपारी बारा वाजता, डोळ्यांत तिखट आणि डोक्याला फडकं बांधून, मी दारात उभी राहते आणि पार खालच्या नळापर्यंत ऐकू जाईल अशी हाक देते, की मधे घुसणाऱ्यांची पिशवी संध्याकाळी मिळेल. बायका गुमान मागे सरकतात.